हेडलाइट लावले की चढणारा टेंपरेचरचा काटा

जुन्या पिकअपची तक्रार अशी होती: दिवसा टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेच्या बराच वर, आणि रात्री हेडलाइट लावले की थेट लाल पट्ट्याच्या तोंडाशी. रेडिएटर साफ करून झाला होता, थर्मोस्टॅट नवा होता, सेंडर, म्हणजे पाण्याचं तापमान काट्याला कळवणारा पार्ट, तोही नुकताच बदललेला. काटा ऐकत नव्हता.

गाडी कॉम्प्युटर नसलेल्या काळातली. थर्मोस्टॅट हाउसिंगशेजारी एका वायरचा पितळी सेंडर, डॅशबोर्डमध्ये गेज, दोघांच्या मध्ये एक वायर, आणि करंटचा परतीचा रस्ता इंजिन-बॉडीच्या लोखंडातून. सर्किट एवढंच. तरी यात मोजमाप न करता पार्ट बदलत सुटायची सवय फार आहे, आणि पहिला बळी ठरलेला असतो सेंडर. इथे तर लक्षणच बोलकं होतं. हेडलाइट लावल्याने इंजिनातलं पाणी तापत नाही. तापत असलाच तर तो काटा, आणि तो विजेने.

तरीही पहिलं काम खरं तापमान मोजायचं. काटा खोटा आहे असं धरून चाललं आणि इंजिन खरंच तापत असलं, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, जातं. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून लेव्हल बघितली. ती गळ्यापर्यंत होती. हे बघणं सेंडरसाठीही लागतं, कारण सेंडरचं टोक पाण्यात बुडालेलं असेल तरच तो खरं सांगतो. पाणी कमी झालं की टोक हवेत किंवा वाफेत राहतं आणि इंजिन उकळत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. चढ संपता संपता काटा अचानक खाली आला, तर हायसं वाटून घेऊ नये. गाडी थांबवून पाणी बघावं, पण झाकणाला लगेच हात लावू नये. 0.9 बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. झाकण उघडताच दाब जातो आणि शंभरच्या वरचं पाणी वाफ होऊन अंगावर उसळतं.

तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलं. यात एक खोच आहे. चकचकीत अॅल्युमिनियमवर हा थर्मामीटर खूप कमी आकडा दाखवतो, कारण चकाकणारा धातू उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूचं प्रतिबिंबच जास्त दाखवतो. म्हणून थर्मोस्टॅट हाउसिंगवर सेंडरच्या अगदी जवळ काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि नेम त्यावर धरला. थर्मोस्टॅटवर 82 चा शिक्का होता, म्हणजे तो 82 अंशांना उघडायला लागतो. इंजिन गरम होऊन वरचा होज पाइप तापला, तेव्हा टेपवर 81 ते 83 अंश मिळाले. बाहेरचा पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा दोन-चार अंश थंड असतो, म्हणजे पाणी साधारण 85. इंजिन ठणठणीत होतं. काटा मात्र त्या वेळी मधल्या खुणेच्या दीड घर वर होता, आणि हेडलाइट लावताच आणखी एक घर चढला. टेपवरचा आकडा जागचा हलला नाही.

याच वेळी इंधनाच्या काट्याकडेही लक्ष ठेवलं. हेडलाइटबरोबर तोही जागचा हलला. दोन काटे एकदम हलले तर दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं: मीटर पॅनलला येणारा करंट किंवा पॅनलचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, करंटचा बॉडीकडे परतीचा रस्ता. दोन वेगवेगळे सेंडर एकाच वेळी, तेही दिव्याच्या बटणासरशी बिघडत नाहीत.

नेहमीची गेज-चाचणी तरी करून घेतली. चावी ऑन, इंजिन बंद. सेंडरची वायर काढली की काटा थंडच्या टोकाला गेला पाहिजे. तीच वायर अर्थला लावली की गरमच्या टोकाला. वायर थेट इंजिनला टेकवण्याऐवजी 10 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर मध्ये घालून टेकवावी, विशेषतः आत तापणारी पट्टी असलेल्या जुन्या गेजमध्ये. थेट शॉर्ट जास्त वेळ राहिला तर गेजची कॉइल जळते. इथे काटा दोन्ही टोकांना नीट गेला. यातून एवढंच कळतं की वायर तुटलेली नाही आणि गेज फिरतं. गेज बरोबर दाखवतं की नाही, हे यातून कळत नाही. बऱ्याच ठिकाणी तपास इथेच थांबतो: काटा फिरला म्हणजे गेज चांगलं, गेज चांगलं म्हणजे सेंडर खराब. या गाडीचा सेंडर बहुधा असाच बदलला गेला असणार.

याच चाचणीत निकाल वेगळा लागला असता तर दिशाही वेगळी. चावी लावताच थंड इंजिनवर काटा लालमध्ये जात असेल तर सेंडरची वायर काढून बघायची. काटा पडला तर सेंडर आतून शॉर्ट. तसाच राहिला तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला लागलीय, बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ, जिथे आवरण वितळून तांबं उघडं पडतं. काटा कधीच उठत नसेल तर वायर तुटलेली किंवा सेंडरवरची टोपी लूज. खड्ड्यात उडत असेल तर कपलर नाहीतर पॅनलमागचा नट सैल. आणि इंडिकेटरच्या तालावर नाचत असेल तर पॅनलचा अर्थ, डोळे मिटून.

अर्थ तपासायला बरेच जण मल्टिमीटर ओहमवर लावतात आणि फसतात. मीटर ओहम मोजताना अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरच्या वीस तारांपैकी दोन उरल्या असतील तरी मीटरला रस्ता मोकळा वाटतो आणि स्क्रीनवर 0.2-0.3 ओहम येतात, म्हणजे प्रोबच्या वायरींइतकेच. त्याच दोन तारांतून दिव्यांचा चार-पाच अँपिअर करंट जायला लागला की तिथे व्होल्ट पडतात. म्हणून मोजायचे ते व्होल्ट, आणि तेही लोड चालू ठेवून.

मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्येच गंज असेल तर तोही पकडला पाहिजे. इंजिन चालू, लाल प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर: 0.02 व्होल्ट. बॉडीच्या स्वच्छ लोखंडावर: 0.04. दोन्ही उत्तम, 0.1 च्या आत असलं की पुढे जायचं. मग मीटर पॅनल चार स्क्रू काढून पुढे ओढलं आणि लाल प्रोब पॅनलच्या अर्थच्या स्क्रूवर ठेवला. दिवे बंद असताना 0.12. हेडलाइट लावले, 0.87.

जवळजवळ एक व्होल्ट कुठे जातो आणि काटा वरच का चढतो, हे समजून घेण्यासारखं आहे. या गेजच्या मागे तीन खांब आहेत: करंट, सेंडर आणि अर्थ. आत दोन कॉइल. एक कॉइल करंट आणि सेंडर या खांबांमध्ये, ती काट्याला गरमकडे ओढते. दुसरी सेंडर आणि अर्थ यांच्यामध्ये, ती थंडकडे ओढते. काटा या दोघींच्या ओढाताणीत कुठेतरी ठरतो. इंजिन गरम झालं की सेंडरचा ओहम कमी होतो, सेंडरच्या खांबावरचा व्होल्टेज घसरतो, दुसऱ्या कॉइलला करंट कमी मिळतो आणि काटा गरमकडे जातो. आता पॅनलचाच अर्थ एक व्होल्टने वर उचलला गेला तर? दुसऱ्या कॉइलचा करंट तसाही घटतो. काट्याला दोन्ही गोष्टी सारख्याच. त्याच्या लेखी इंजिन तापलं.

उलट सेंडरच्या बाजूला अडथळा आला, म्हणजे टोपीत गंज, वायर अर्धवट तुटलेली किंवा आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळलेली, तर सेंडरच्या ओहममध्ये भर पडते आणि काटा खऱ्यापेक्षा खाली दाखवतो. म्हणजे चूक कुठल्या दिशेला आहे यावरूनच पॅनलकडे जायचं की इंजिनकडे, हे अर्धं ठरतं. आणि दोन्हींतली धोक्याची चूक खाली दाखवणारी. वर दाखवणारा काटा खिसा रिकामा करतो, पण इंजिन वाचतं.

पॅनलची काळी वायर माग काढत खाली नेली. डाव्या बाजूच्या किक पॅनलमागे बॉडीला एक स्क्रू, त्याखाली एकावर एक पाच थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्या: पॅनल, पार्किंग, ब्लोअर, आणखी दोन. सगळ्यात खालचं थिंबल रंगावर टेकलेलं. पॅनलचं थिंबल सगळ्यात वर, पण त्याच्या दाबलेल्या जागेत तारा काळ्या पडल्या होत्या आणि वर हिरवी पूड जमली होती. बॅटरीचा निगेटिव्ह सोडला, थिंबल धरून जरासं ओढलं, आणि वायर हातात आली. तांब्यासारख्या दिसणाऱ्या तारा त्यात तीन-चारच होत्या. पॅनलमधल्या सगळ्या दिव्यांचा करंट याच बिचाऱ्या तारांतून परत जायचा. म्हणून हेडलाइटचं बटण दाबलं की काटा चढायचा.

दुरुस्ती साधी, पण क्रम पाळावा. काळी पडलेली तार पूर्ण कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जायचं. काळ्या तारेवर नवं थिंबल दाबून काही होत नाही. बॉडीवरची जागा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासली. स्टार वॉशर लोखंडाला लागून, त्यावर थिंबल, मग स्क्रू. घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली किंवा रंग लावून मग आवळू नये. पाच थिंबल एका स्क्रूखाली परत कोंबली नाहीत, पॅनलसाठी 1.5 चौरस मिलिमीटरची वेगळी वायर काढून तिला स्वतःचा स्क्रू दिला.

पॅनल बाहेर होतंच, म्हणून मागची प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावरची छापील सर्किट पट्टीही बघितली. तिच्या तांब्याच्या रेषा खोडरबरने पुसता येतात, पॉलिश पेपर लावला तर रेषाच उडते. गेजच्या खांबांवरचे छोटे नट नुसते गेज धरून ठेवत नाहीत, करंटही त्यांच्यातूनच जातो. ते सैल होते. बोटांनी घट्ट झाल्यावर पान्याने जेमतेम पाव फेरा; जास्त आवळले तर आतली कॉइलची तार तुटते.

पुन्हा मोजलं. हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर चालू ठेवून पॅनलच्या अर्थवर 0.05 व्होल्ट. काट्याचं रात्रीचं चढणं बंद झालं, इंधनाचा काटाही स्थिर.

सगळ्या गाड्यांत तीन खांबांचं गेज नसतं. फोर्डच्या जुन्या पिकअपमध्ये दोन खांबांची, आत तापणारी पट्टी असलेली गेजं येत आणि पॅनलमागे एक छोटा रेग्युलेटर असे. तो 12 व्होल्ट चालू-बंद करत सरासरी 5 व्होल्ट देतो. सेंडरचा पल्ला थंडला 73 ओहम, गरमला 10. मल्टिमीटर लावला तर आकडा स्थिर राहत नाही, उड्या मारतो. ते बिघाडाचं लक्षण नाही. या रेग्युलेटरचा अर्थ गेला किंवा आतले पॉइंट चिकटले तर पूर्ण 12 व्होल्ट पुढे जातात आणि सगळे काटे एकदम वर चढतात. तसं दिसलं तर चावी लगेच बंद करावी, नाहीतर गेजं जळतात. अशा गेजला तपासणीसाठी बॅटरीचे 12 व्होल्ट थेट द्यायचे नाहीत. त्याहूनही जुन्या गाड्यांत वायरच नसते. बारीक नळी, टोकाला द्रव भरलेला बल्ब, सगळं यांत्रिक. ती नळी मुडपली किंवा कापली गेली की गेज संपलं.

इथे अर्थ झाला तरी दिवसाचं दीड घर तसंच उरलं होतं. दीडचं सव्वा झालं असेल फार तर. म्हणजे दुसरा दोष वेगळा.

आता गेज आणि सेंडर वेगवेगळे मोजायचे. सेंडरची वायर काढून ती आणि अर्थ यांच्यामध्ये 500 ओहमचा फिरवायचा रेझिस्टर लावला, तार गुंडाळलेला, 5 वॉटचा. रेडिओतला कार्बनचा छोटा रेझिस्टर यात जळतो. इंजिन चालू ठेवायचं, कारण चार्जिंगच्या 13.8-14 व्होल्टवरचं वाचन हवं. काटा बरोबर मधल्या खुणेवर आणला, रेझिस्टर काढून मोजला: 60 ओहम. लाल पट्टीच्या सुरुवातीला आणला: 30. थंडच्या खुणेला: साधारण 290. गेजची मागणी कळली.

सेंडर काढून पाण्याच्या भांड्यात. फक्त टोक आणि आटे बुडतील असा तारेने लटकवला, बुडाला टेकू दिला नाही, कारण भांड्याचा तळ पाण्यापेक्षा गरम असतो. एक प्रोब वरच्या खांबाला, दुसरा सेंडरच्या पितळी अंगाला. थर्मामीटर टोकाशेजारी. पाणी हळूहळू तापवत, ढवळत, दर दहा अंशांना आच बंद करून मिनिटभर थांबून आकडा घेतला. घाईत घेतलेला आकडा मागचा असतो. 40 अंशांना 205 ओहम, 60 ला 95, 70 ला 67, 80 ला 48, 85 ला 42.

सेंडर बिघडलेला नव्हता. तापमान वाढेल तसा ओहम एकसारखा उतरत होता, मध्ये कुठे उडी नाही. तो फक्त या गेजचा नव्हता. गेजला 85 अंशांना 60 ओहम हवे होते, हा देत होता 42. आटे तेच, टोपी तीच, दुकानात शेजारी ठेवले तर फरक ओळखू येत नाही. जुन्या गाड्यांचे बाजारातले पर्यायी सेंडर घेताना हा घोळ नेहमीचा. म्हणून नवा सेंडर बसवण्याआधी भांड्यातल्या पाण्यात निदान दोन आकडे घ्यावेत: साध्या तापमानाला एक आणि उकळत्या पाण्यात एक. ज्यांच्याकडे मूळ सेंडर पडून आहे त्यांनी तो बंद असला तरी फेकू नये. त्यावरचा पार्ट नंबर पुढे लागतो.

यावर एक शॉर्टकट सांगितला जातो: वायरमध्ये 18 ओहमचा रेझिस्टर जोडून टाका, 42 अधिक 18 म्हणजे 60, काटा मध्यावर. मध्यावर येतो, खरंच येतो. पण तो फक्त त्या एकाच तापमानाला. इंजिन खरंच 105 अंशांना गेलं तर या गेजला 34 ओहमच्या आसपास हवे असतात. हा सेंडर तिथे 25 च्या जवळपास असेल, त्यात 18 मिळवले की 43. गेजच्या हिशेबाने ते 96-97 अंश होतात. काटा लालच्या बराच खाली, आणि ड्रायव्हर निवांत. नको तिथे खोटं बोलणारा काटा, तोही आपल्याच हाताने केलेला.

मग 40 अंशांना 290 आणि 100 ला 38 ओहमच्या आसपासचा सेंडर शोधला. भांड्यात मोजला, 80 ला 69 आला, जुळला. बसवताना इंजिन थंड, झाकण उघडं, रेडिएटरच्या खालच्या नळातून सेंडरच्या लेव्हलखाली जाईल इतकं कूलंट स्वच्छ भांड्यात काढलं. आटे निमुळते आहेत, त्यामुळे पॅकिंग लागत नाही. टेफ्लॉन टेप नाही; पहिला आटा सोडून पुढच्या दोनवर थ्रेड सीलंटचा पातळ हात, बस. हाताने पूर्ण बसवून मग लांब सॉकेटने एक ते सव्वा फेरा. निमुळता पितळी सेंडर अजून थोडा, अजून थोडा करत आवळला तर हाउसिंगच तडकतं. बसल्यावर सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, इंजिन चालू ठेवून व्होल्ट: 0.02.

अशा ठिकाणी दोन वायरींचा दुसरा सेन्सर किंवा फॅनचा स्विचही असू शकतो. इंजेक्शनच्या गाडीत दोन वायरींचा सेन्सर कॉम्प्युटरचा, त्याचा काट्याशी संबंध नसतो आणि त्याच्या वायरी अर्थला लावून बघायच्या नाहीत.

कूलंट भरताना गाडीचं नाक थोडं उंचावर, हीटरचा वॉल्व्ह पूर्ण उघडा. सेंडर वरच्या बाजूला असला की हवेचा फुगा नेमका त्याच्याशी अडकतो आणि काटा विनाकारण वर-खाली करतो. थर्मोस्टॅट उघडून लेव्हल खाली गेली, ती भरून काढली, मग झाकण लावलं.

गरम होताना काटा मधल्या खुणेच्या किंचित वर गेला, थर्मोस्टॅट उघडला तसा काट्याच्या जाडीएवढा खाली आला आणि खुणेवर थांबला. टेपवर 82. भार घालून चढावर नेल्यावर टेपवर 90 मिळाले, काटा अर्धं घर वर, उतारावर परत जागेवर. दिवे, ब्लोअर, वायपर चालू-बंद करून फरक नाही. इंडिकेटर लावला की काट्याला अजून बारीक थरथर येते, कारण पॅनलमधला इंडिकेटरचा बल्ब त्याच छापील रेषेतून अर्थ घेतो. ती काढायची तर पट्टीच बदलावी लागेल. काट्याच्या निम्म्या जाडीसाठी पॅनल परत खोललं नाही.